सशांच्या अंगावरील गजकर्ण : मलम लावावे, पोटातून औषध द्यावे की आधी तपासणी करावी?

अनगोळकर, बेळगाव (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी दोन ससे आहेत. पांढरी मोठी मादी सुमारे १.८ किलो वजनाची असून ती पूर्वीपासून आमच्याकडे आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस धाकट्या मुलीच्या हट्टामुळे बाजारातून करड्या रंगाचे एक पिल्लू आणले. मृगाचा पाऊस लागल्यावर थोड्याच दिवसांत या पिल्लाच्या नाकाच्या दांडीवरचे केस गेले आणि पुढे डाव्या पापणीच्या वर व पुढच्या एका पंजावर तसेच चट्टे उठले. चट्ट्याच्या मधली कातडी गुलाबी दिसते, कडेने राखेसारखा बारीक कोंडा सुटतो आणि कडेचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले तरी तुटून हातात येतात. खाजवणे मात्र फारसे नाही. खाणेपिणे आणि लेंड्या व्यवस्थित आहेत. आता मोठ्या मादीच्या कानाच्या बुडाशीही एक चट्टा दिसू लागला आहे, आणि मुलीच्या मनगटाच्या वर रुपयाएवढे लाल कडे उठले आहे.

पिंजरा लाकडी असून मागच्या पडवीत पत्र्याखाली ठेवलेला असतो. तळाला गोणपाट अंथरतो. आमच्या भागात जूनपासून गणपतीपर्यंत भिंतींची ओल हटत नाही, हे बेळगावकरांना सांगायला नको.

जनावरांच्या दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर लसीकरणासाठी बाहेरगावी गेले होते. तेथे असलेल्या एकाने ही 'कज्जी' (कानडीत खरूज) आहे, आयव्हरमेक्टिनची सुई द्या, असे सांगितले. औषधांच्या दुकानात केवळ मोबाइलवरचे छायाचित्र पाहून 'हुळुकड्डी' (कानडीत गजकर्ण) असे निदान झाले आणि एक मलम हातात मिळाले. त्या नळीवर पाच औषधांची नावे छापली आहेत, म्हणून ती अजून उघडलेली नाही. ही बुरशी की खरूज, हे घरच्या घरी कसे ओळखावे. बुरशी असल्यास मलम पुरते की पोटातून औषध द्यावे लागते. माणसांची औषधे सशांना चालतात का. आणि मुलीला सशांपासून कितपत दूर ठेवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. घरातील वडीलधाऱ्यांनी ससे रानात सोडून देण्याचा आग्रह धरला आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल.

पशुवैद्य, चिकोडी (उत्तर)

अनगोळकरताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. पाळीव ससा रानात सोडल्यास कुत्री किंवा मुंगूस त्याला फार दिवस जगू देणार नाहीत आणि मुलीच्या हातावरचे कडेही त्यामुळे जाणार नाही. हा आजार बरा होणारा आहे. फक्त त्याला वेळ लागतो आणि क्रम चुकवून चालत नाही.

आपण केलेले वर्णन गजकर्णाशी, म्हणजे त्वचेच्या बुरशीशी, पुष्कळ जुळते. सशांमध्ये हा आजार बहुतांशी ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस या बुरशीमुळे होतो. मायक्रोस्पोरम कॅनिस ही मांजरांत नेहमी आढळणारी बुरशीही कधी कधी सापडते. नाक, पापण्या, कान आणि पंजे या तिच्या आवडत्या जागा आहेत. लहान वय, घर बदलल्याचा ताण, गर्दी आणि दमट हवा यांमुळे ती बळावते. बाजारातून आणलेले पिल्लू आणि त्यानंतर लगेच आलेला पाऊस, या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. अंगावर एकही चट्टा नसताना बुरशीचे बीजाणू वाहणारे ससेही असतात, त्यामुळे 'आणले तेव्हा तर अगदी स्वच्छ होते' या आठवणीवर विसंबू नये.

तरीही केवळ वर्णनावरून मी औषध लिहून देणार नाही, कारण आपल्या भागातील सशांमध्ये खरूज अतिशय सामान्य आहे आणि ती याच जागांवर, म्हणजे नाक, ओठ व पंजे यांवर सुरू होते. खरजेत सहसा पांढुरकी-पिवळसर जाड खपली धरते आणि ससा खाजवून खाजवून बेजार होतो. कानाच्या आत भुश्शासारखे थरावर थर साचले असतील तर तो कानातला गोचिडासारखा किडा, म्हणजे सोरोप्टिस, समजावा. पाठीवर मोठाला कोंडा असेल आणि तो हललेला दिसत असेल तर आणखी वेगळा किडा असतो. आपल्या पिल्लाला खाज कमी आहे आणि केस तुटून येत आहेत, म्हणून पारडे बुरशीकडे झुकते एवढेच म्हणता येईल. दोन्ही आजार एकाच सशात एकाच वेळी असलेलेही मी पाहिले आहेत.

तपासणी अवघड नाही. चट्ट्याच्या मधून नव्हे, तर जेथे निरोगी आणि रोगट कातडी मिळते त्या कडेवरून तुटके केस व कोंडा घ्यायचा. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून थोडा वेळ ठेवले की केसाचा वरचा भाग विरघळून पारदर्शक होतो आणि बुरशी असल्यास केसाभोवती बारीक मण्यांसारखे बीजाणू सूक्ष्मदर्शकातून दिसतात. त्याच वेळी कातडी हलकी खरवडून किड्यांसाठी दुसरी काचपट्टी पाहता येते. पहिल्या तपासणीत काही दिसले नाही म्हणून बुरशी नाही असे ठरत नाही. शंका उरली तर नमुना वाढवण्यासाठी, म्हणजे त्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यासाठी, पाठवावा लागतो आणि त्याचा निकाल यायला दोन ते तीन आठवडे लागतात. जो ससा बाहेरून निरोगी दिसतो, त्याच्या अंगावरून नवा कोरा दात घासण्याचा ब्रश सर्व बाजूंनी फिरवावा आणि तो ब्रश स्वच्छ पाकिटात घालून द्यावा. काही ठिकाणी जांभळ्या प्रकाशाचा वुड्स दिवा दाखवून निकाल सांगतात. त्या दिव्याखाली मायक्रोस्पोरम कॅनिसच्या काही जाती हिरवट चमकतात, पण ट्रायकोफायटॉन चमकत नाही. सशांमध्ये मुख्य गुन्हेगार ट्रायकोफायटॉनच असल्यामुळे दिवा 'काही नाही' म्हणाला तर त्याचा अर्थ शून्य.

आयव्हरमेक्टिनबद्दल : ते किड्यांवरचे औषध आहे, बुरशीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. खरूज सिद्ध झाल्यास ते उत्तम आहे, पण गुरांसाठीच्या एक टक्का इंजेक्शनमध्ये प्रत्येक मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते आणि सशाला किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे आपल्या मोठ्या मादीला फार तर ०.०७ मिली. म्हशीला टोचायच्या पिचकारीने हे मोजता येत नाही, त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज लागते. जाता जाता हेही सांगतो की कुत्र्यांच्या मानेवर टाकण्याचे फिप्रोनिल सशांना विषारी ठरते. ते कोणी दिले तरी घेऊ नये.

आता बुरशीच्या औषधांकडे वळू. एकदोन लहान चट्टे असतील तर भोवतालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने जपून कापून (सशाची कातडी अतिशय पातळ असते, ती कात्रीत सहज येते) क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल यांपैकी एकच औषध असलेले साधे मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर जागेपर्यंत पातळ लावावे. डोळ्याजवळ स्वतःच्या मनाने काहीही लावू नये. ससा स्वतःचे अंग सतत चाटतो आणि दोन ससे एकमेकांनाही चाटतात. त्यामुळे जाड थर दिल्यास त्यातील बराचसा पोटात जातो.

आपल्याकडे मात्र दोन ससे बाधित आहेत, चट्टे अनेक ठिकाणी आहेत आणि घरात लागण झालेली आहे. अशा वेळी बहुधा पोटातून औषध द्यावे लागते. आज त्यासाठी प्रामुख्याने इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन वापरले जाते. दोन्ही औषधे बुरशीच्या पेशीला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांवर आड येतात. इट्राकोनॅझोलची मात्रा सशांसाठी साधारणपणे किलोमागे दिवसाला ५ ते १० मिलिग्रॅम धरली जाते. ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध अजूनही मिळते; ते नव्याने वाढणाऱ्या केसात उतरते, म्हणून रोगट केस पूर्ण गळून जाईपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, द्यावे लागते, आणि गाभण मादीला ते मुळीच चालत नाही. पोटातून दिले जाणारे केटोकोनॅझोल यकृतावर भार टाकते, म्हणून मी ते टाळतो. फ्लुकोनॅझोलचा या जातीच्या बुरशीवर भरवसा धरता येत नाही.

औषध सुरू करण्यापूर्वी सशाचे वजन स्वयंपाकघरातील किंवा किराणा दुकानातील काट्यावर नीट करून घ्यावे. अंदाजाने केलेल्या वजनात पाव किलोची चूक सहज होते आणि एवढ्याशा प्राण्यात ती मोठी ठरते. औषध दीर्घकाळ चालणार असेल तर यकृताची रक्ततपासणी करून घेणे इष्ट. घरात सशाला पोटफुगीसाठी सिसाप्राइड चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण इट्राकोनॅझोलबरोबर दिल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे : औषध सुरू असताना ससा दहा-बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील, तर औषध थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे थांबले की प्रकृती झपाट्याने ढासळते. गजकर्णाने ससा सहसा दगावत नाही. उपाशी राहिल्याने मात्र दगावतो.

औषध विक्रेता, निपाणी (उत्तर)

डॉक्टरसाहेबांनी 'एकच औषध असलेले साधे मलम' म्हटले आहे, त्या तीन-चार शब्दांवर मी थोडे अधिक लिहितो, कारण दुकानाच्या या बाजूने मी रोज हेच पाहतो.

पाच नावांच्या नळीत बहुधा बुरशीचे एक औषध, एकदोन प्रतिजैविके आणि क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोनसारखे एखादे जोरकस स्टिरॉइड असते. नळीवर घटकांची नावे अतिशय बारीक अक्षरांत असतात. मोबाइलने छायाचित्र काढून ते मोठे करून वाचावे. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असेल आणि त्याआधी 'बीटामेथा', 'क्लोबेटा', 'बेक्लोमेथा', 'मोमेटा' असे काही असेल, तर ते स्टिरॉइड आहे. अशा मलमाने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, गिऱ्हाईक खूश होते आणि दुकानदारही. बुरशी मात्र कातडीची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे आत पसरत राहते. माणसांतील चिवट गजकर्णामागे हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आहेत, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. वेष्टनावर उभी लाल रेघ असलेली नळी चिठ्ठीशिवाय मागू नये आणि कोणी दिली तर घेऊ नये. मी याच धंद्यात आहे, तरीही हे लिहितो, कारण सशांचे शरीर स्टिरॉइडला माणसापेक्षा अधिक नाजूक प्रतिसाद देते आणि चाटलेले मलम थेट पोटात जाते.

दुसरी गोष्ट इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलची. आपल्याकडे सर्वत्र मिळते ती १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. ती उघडली की आत पूड नसते. साबुदाण्याहून बारीक गोल दाणे असतात आणि औषध त्या दाण्यांवर लेप देऊन बसवलेले असते. १.८ किलोच्या सशाला दिवसाला ९ ते १८ मिलिग्रॅम औषध लागणार, म्हणजे एका कॅप्सूलचा दहावा ते सहावा हिस्सा. दाणे खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवण्याचा मोह होतो, पण कुटल्याने लेप बिघडतो आणि औषध अंगी लागण्याचा भरवसा राहत नाही. दाणे न फोडता कागदावर पसरून सारखे दहा वाटे करणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. डॉक्टरांची संमती घेऊन तो करावा. तयार द्रवरूप इट्राकोनॅझोल मिळाल्यास मोजणे सोपे आणि शोषणही चांगले होते. सर्व दुकानांत ते नसते, पण बेळगाव किंवा कोल्हापूरच्या घाऊक विक्रेत्याकडून मागवता येते. कॅप्सूलमधील औषध भरल्या पोटी चांगले शोषले जाते, आणि आम्लपित्ताच्या औषधाबरोबर दिल्यास ते कमी शोषले जाते.

करंजतेलवाले, संकेश्वर (उत्तर)

एवढा खटाटोप कशाला, असे मला विनम्रपणे वाटते. आमच्या आजोबांच्या काळापासून बैलांच्या गजचर्मावर करंजतेल आणि गंधक, नाहीतर गाडीचे जळके ऑइल लावत आलो आहोत आणि जनावरे बरी होत आली आहेत. सशालाही तेच लावून पाहावे. दोन वेळचे उन्ह दिले तर निम्मे काम तिथेच होते.

पशुवैद्य, चिकोडी (उत्तर)

संकेश्वरचे काका, गंधकाबद्दल आपले म्हणणे निराधार नाही. चुना-गंधकाचे द्रावण मांजरांच्या गजकर्णावर आजही वापरतात आणि ते प्रभावी आहे. पण ते ठरावीक प्रमाणातले द्रावण असते. सशाला त्यात बुडवण्याचे काम दवाखान्यातच, गरज असेल तरच, करावे. सशाला घरी आंघोळ घालू नये. तो घाबरून मागच्या पायांनी अशी झटक्याने लाथ मारतो की पाठीचा कणा मोडण्याची भीती असते, आणि भिजलेला ससा लवकर वाळत नाही. गंधक तेलात कालवून लावणे ही वेगळी गोष्ट आहे. बैल स्वतःची पाठ चाटून साफ करत नाही, ससा करतो. जळके ऑइल तर कोणत्याच जनावराला लावू नये, त्यात जड धातू असतात आणि सशाच्या बाबतीत ते विष घालण्यासारखे आहे. कापूर घातलेली तेले आणि टी ट्री तेल यांनाही माझा ठाम नकार आहे. उन्हाबद्दल मात्र मी सहमत आहे, ते पिंजऱ्याला द्यावे. सशाला भर उन्हात ठेवू नये, तो उष्माघाताने जातो.

ससेपालक, खानापूर (उत्तर)

आमच्याकडे, जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात सलग आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. येथे ससे पाळताना औषधापेक्षा पिंजऱ्यानेच मला जास्त शिकवले. अनगोळकरताई, आपल्या वर्णनात मला सर्वांत जास्त खटकले ते गोणपाट. ते मूत्र धरून ठेवते, वाळत नाही आणि सुटलेले केस त्याच्या विणीत अडकून राहतात. बुरशीचे बीजाणू त्या तुटक्या केसांवर वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, तग धरतात. चट्टे भरून आल्यावर ससे पुन्हा त्याच गोणपाटावर ठेवले तर औषध वाया गेले असेच समजावे. गोणपाट जाळून टाकावे. लाकडी पिंजऱ्याच्या भेगांतून बीजाणू काढणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून उपचार चालू असेपर्यंत तरी जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीचा पिंजरा घ्यावा. पण जाळीवर ससा सतत उभा राहिला तर त्याचे तळवे सोलतात. बसायला एक धुता येणारी प्लास्टिकची फळी किंवा रोज बदलायचे जुने सुती कापड असावे.

सफाईचा क्रम असा : आधी केस आणि कोंडा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, कोरड्या झाडूने उडवू नये, मग कपडे धुण्याच्या साबणाने खरडून धुवावे, त्यानंतर घरगुती ब्लीच एकास दहा ते एकास बत्तीस या प्रमाणात पाण्यात मिसळून पृष्ठभाग दहा मिनिटे ओला राहील असा लावावा आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. घाण तशीच ठेवून वरून ब्लीच ओतण्यात अर्थ नाही, ते घाणीतच संपून जाते. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ब्लीच चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो. वास पूर्ण गेल्यावर आणि सर्व कोरडे झाल्यावरच ससे आत सोडावेत. हे आठवड्यातून दोनदा, औषध बंद होईपर्यंत. धुतलेले सामान वाळत नसेल तर आमच्याकडे चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतात. शहरात पंख्याखाली ठेवा.

औषध पाजण्याबद्दल एक बारकावा. ससा कडेवर उलटा धरून तोंडात औषध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. सशाला जमिनीवर टॉवेलात गुंडाळून, डोके सरळ ठेवून, सुई काढलेली एक मिलीची सिरिंज पुढच्या दातांच्या मागे जी रिकामी जागा असते तेथून बाजूने आत सरकवावी आणि थेंब-थेंब सोडत तो चघळतो आहे याकडे लक्ष ठेवावे. दाणे द्यायचे असतील तर केळ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात दाबून द्यावेत. केळ्यासाठी ससा काहीही गिळतो, पण तुकडा नखाहून मोठा नको. मलम लावल्यावर लगेच हरळीची जुडी किंवा वाळलेले गवत समोर टाकावे. तो खाण्यात गुंतला की चाटण्याचे विसरतो आणि तेवढ्या वेळात मलम मुरते. मुख्य आहार वाळलेले गवतच असावा. पावसाळ्यात ओला चारा बुरसटलेला निघतो, तो वास घेऊन मगच द्यावा.

त्वचारोगतज्ज्ञ, बेळगाव (उत्तर)

मुलीविषयी थोडक्यात लिहिते. सशाकडून गजकर्ण माणसाला होते, विशेषतः ससा छातीशी धरणाऱ्या मुलांना, आणि प्राण्याकडून आलेली बुरशी बहुधा अधिक लाल व सुजलेले कडे उठवते. मात्र सर्व खापर सशावर फोडण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसांच्या जांघा, कंबरपट्टा आणि पायांची बोटे पाहावीत. सध्या आपल्याकडे माणसांमध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने २०२० मध्ये वेगळी ओळखली गेलेली बुरशी जोरात आहे, ती माणसाकडून माणसाला पसरते आणि तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. त्यामुळे मुलीच्या कड्याचा खरवडलेला नमुना स्वतंत्रपणे तपासून घ्यावा, आणि सशाला जे औषध दिले तेच मुलीलाही द्यावे असे मनात आणू नये. तोपर्यंत मुलीने ससे मांडीवर घेऊ नयेत. पिंजऱ्याचे काम एकाच मोठ्या माणसाने हातमोजे घालून करावे व नंतर हात साबणाने धुवावेत. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवावा. घरात मधुमेही, केमोथेरपी चालू असलेली किंवा फार वृद्ध व्यक्ती असेल तर त्यांनी त्या पडवीतच जाऊ नये. डोक्याच्या केसांत चट्टा आढळला तर मलमावर विसंबू नका, मुलीला लगेच दाखवायला आणा. तेथे पोटातून औषध द्यावेच लागते.

अनगोळकर, बेळगाव (पुढील माहिती व प्रश्न)

सर्वांचे मनापासून आभार. पिल्लाच्या नाकावरच्या चट्ट्याच्या कडेचे केस शहरातील एका खासगी पशुवैद्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बीजाणू स्पष्ट दिसले, ते त्यांनी मलाही दाखवले. खरजेचे किडे सापडले नाहीत. मोठ्या मादीचा नमुना वाढवण्यासाठी पाठवला आहे. त्यांनी दोघांसाठी द्रवरूप इट्राकोनॅझोल आणि क्लोट्रिमॅझोलचे मलम लिहून दिले. पाच नावांच्या नळीत क्लोबेटासोल निघाले, ती दुकानात परत केली. मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे दाखवले असून तिचे औषध स्वतंत्र सुरू झाले आहे.

एक अडचण त्या तपासणीतच लक्षात आली. पिल्लू नर आहे आणि ते आता चार महिन्यांचे असावे. दोघेही संध्याकाळी पडवीत एकत्र मोकळे असत. मादी गाभण असेल तर इट्राकोनॅझोल द्यावे का? आणि केस परत आले की औषध थांबवायचे, की पुढेही चालू ठेवायचे?

पशुवैद्य, चिकोडी (उत्तर)

अनगोळकरताई, दोघांना आजच वेगळे करावे, पिंजरेही वेगळे आणि फडकीही वेगळी. पिल्लाचे औषध ठरल्याप्रमाणे चालू ठेवावे. मादीला मात्र गर्भाची शंका दूर होईपर्यंत पोटातून औषध देऊ नये. सशाची गर्भावस्था सुमारे ३० ते ३२ दिवसांची असते आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास अनुभवी हाताला पोटात द्राक्षांएवढ्या गाठी लागतात. ते आपल्या पशुवैद्यांकडूनच चाचपून घ्यावे, घरी दाबून पाहू नये. दोघांना वेगळे केल्यापासून पंधरवड्याने एकदा तपासले म्हणजे शंका राहणार नाही. तोपर्यंत तिच्या कानाच्या बुडाशी असलेल्या एका चट्ट्याला मलम पुरेसे आहे, आणि त्या जागेपर्यंत तिची जीभ सहजी पोहोचत नाही हे सोयीचेच आहे.

ती गाभण निघालीच तर व्यायल्यानंतर पिल्लांना आईकडून लागण होण्याचा संभव मोठा असतो. तेव्हा व्यायच्या आधीचा आठवडा पिंजऱ्याची सफाई खानापूरकरांनी सांगितलेल्या क्रमाने करून घ्यावी, पिल्लांसाठी एकदा वापरून टाकून देता येईल असा पुठ्ठ्याचा खोका ठेवावा आणि त्यात कोरडे गवत घालावे. मादी स्वतःच्या छातीचे केस उपटून घरटे भरते, ते नैसर्गिक आहे, त्याला नवा चट्टा समजून मलम लावू नये. आचळांच्या आसपास तर काहीच लावू नये.

औषध कधी थांबवायचे, याचे उत्तर केसांवरून ठरत नाही. मऊ लव तीन-चार आठवड्यांत येऊ लागते आणि बहुतेक लोक नेमके तेथेच थांबतात. त्या वेळी जुन्या केसांवर बीजाणू अजून असतात. माझी पद्धत अशी की चट्टे पूर्ण भरल्यावरही निदान दोन आठवडे औषध चालू ठेवायचे आणि मग ब्रशने संपूर्ण अंगावरून घेतलेला नमुना वाढवण्यास पाठवायचा. शक्य असल्यास काही अंतराने घेतलेले दोन नमुने निर्दोष आल्यावरच थांबावे. मादीचा नमुना जेथे दिला आहे तेथेच पिल्लाचाही देता येईल. स्थानिक प्रयोगशाळेने प्राण्याचा नमुना घेण्यास नकार दिला तर आपल्या पशुवैद्यांना पुणे महामार्गावरील शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी बोलायला सांगावे. कर्नाटकचे पशुवैद्यकीय विद्यापीठ बीदरला असले तरी बेळगावहून शिरवळचा रस्ता सोपा पडतो. पाकिटावर सशाचे वय, चालू असलेले औषध आणि शेवटचे मलम कधी लावले ते लिहावे. नमुना घेण्यापूर्वी दोन-तीन दिवस मलम लावू नये, नाहीतर बुरशी असूनही ती वाढत नाही आणि निकाल फसवा येतो.